गोधडीचं पोट

आमची काकू माणसं चेहऱ्यावरून नाही, कपड्यांवरून ओळखायची. रस्त्यात कुणी थांबून ख्यालीखुशाली विचारली की ती आधी समोरच्याच्या बाहीकडे बघायची, जरा आठवायची आणि म्हणायची, "हां, तुमचा निळा चौकड्यांचा माझ्याकडे आहे." समोरचा गृहस्थ चाट पडायचा. तो शर्ट त्याच्या बायकोनं त्याला न विचारता गोधडीसाठी काकूकडे आणून टाकलेला असायचा, आणि तो बिचारा घरातली कपाटं उपसून थकलेला असायचा. अशी किती घरांत काकूनं भांडणं लावली असतील कोण जाणे. तिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. कापड एकदा तिच्या कात्रीखाली गेलं की ते तिचं.

घर आमचं दुमजली. वर आम्ही, खाली काका-काकू. रस्त्याच्या बाजूला काकांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. अख्ख्या वस्तीची कुलपं उघडणाऱ्या या माणसाचं स्वतःचं तोंड चहा मागण्यापलीकडे उघडत नाही, असं माझी आई म्हणायची. धाकट्या दिराबद्दल बोलताना आईनं कधी हात आखडता घेतला नाही. दुकानाच्या मागे मधली खोली आणि तिच्यामागे स्वयंपाकघर. मधली खोली काकूची. एका भिंतीला पलंग, दुसरीला कपाट, आणि मधे नुसती स्वच्छ पुसलेली फरशी, कारण गोधडी फरशीवरच पसरावी लागते. ती पसरलेली असली की स्वयंपाकघरात जायला भिंतीला पाठ लावून आडवं सरकत जावं लागायचं. डॉक्टर येवो की विजेचं बिल घेऊन कुणी येवो, काकूनं कुणासाठी गोधडी उचलल्याचं मला आठवत नाही.

गोधडी करणं म्हणजे तुकडे जोडणं असं लोकांना वाटतं. काकूच्या मते तुकडे कुणीही जोडेल, खरी परीक्षा टाके घालताना. वर तुकड्यांची बाजू, मधे जुन्या चादरी, खाली अस्तर, असे थर एकमेकांवर ठेवून धावदोरा घालायचा. काठापासून सुरुवात करायची आणि चौकटीच्या आत चौकट असं करत मध्यापाशी संपवायचं. आता होतं काय, प्रत्येक टाका कापडाला जरासा पुढे ढकलतो. दोरा जास्त ओढला किंवा थर सारखे बसले नाहीत, तर जादाचं कापड आत आत सरकत जातं आणि शेवटी मधोमध फुगा उठतो. काकू त्याला गोधडीचं पोट म्हणायची. अमकीच्या गोधडीला पोट आलंय हे सांगताना तिचा आवाज एकदम खाली जायचा, इतर बायकांचा कुणाच्या घरची भानगड सांगताना जातो तसा.

पोट आहे की नाही हे ओळखायची तिची एक रीत होती. गोधडी पुरी होत आली की ती पाय धुऊन, कोरडे करून, डोळे मिटून त्या गोधडीवरून चालायची. हात लबाड असतो, तो फिरता फिरता सुरकुती सारखी करून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही, असं तिचं म्हणणं. पायाला एवढी अक्कल नसते. जिथे तळव्याला काही लागायचं तिथे ती थांबायची, वाकायची, खडूनं खूण करायची आणि तिथपर्यंतचे सगळे टाके उसवून काढायची. कधी कधी आठवड्याची मेहनत एका दुपारी निघून जायची. आम्हाला हळहळ वाटायची, तिला नाही. उसवणं हे तिच्या लेखी शिवण्यातच धरलेलं होतं.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की, तिच्या हातून जी चूक झाली ती याच रीतीपायी झाली. सुई हातात न धरणाऱ्या बाईच्या हातून ती झालीच नसती.

काकू ही काकांची दुसरी बायको. पहिली काकू गेली तेव्हा तिची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, प्राथमिक शाळेत होती. तिला सगळे मुंगी म्हणायचे. पहिल्या काकूलाही गोधड्यांची हौस होती. पसरलेल्या गोधडीवर पाय पडू नये म्हणून ही एवढीशी पोर भिंतीच्या कडेकडेनं जायची, म्हणून आईनंच तिचं ते नाव पाडलं होतं. पहिल्या काकूच्या हाताला सफाई अजिबात नव्हती, हे प्रेमाच्या माणसाबद्दलही खरं ते बोलायला हवं. पण हौस दांडगी. ती आजारी पडली, खाली बसवेना, तेव्हा तिनं पलंगावर बसून, मांडीवर घेऊन मुंगीसाठी एक गोधडी शिवायला घेतली. मुंगीचे लहानपणचे झगे, काकांचे तेलाचे डाग पडलेले दुकानातले शर्ट आणि स्वयंपाकघराचा जुना पिवळा पडदा. काठापासून टाके घालत ती हळूहळू आत येत होती. मुंगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आई कुठवर आली ते बघायची. मध्यापासून वीतभर अंतरावर असताना ती गेली. सुई तशीच टोचलेली राहिली.

दुसरी काकू आली ती चांगल्या मनानं आली. तिच्या माहेरी आई, मावश्या, आत्या सगळ्या गोधड्या शिवणाऱ्या. बोलायला फटकळ, पण पोरीला कधी टाकून बोलली नाही. मुंगीशी कसं वागावं हे मात्र तिला उमगत नव्हतं. मुंगी मामाकडे सुट्टीला गेली असताना कपाट आवरताना तिला ती अर्धवट गोधडी सापडली. थंडी तोंडावर आली होती. तिच्या मनात आलं, पोरीच्या आईचं काम राहून गेलंय, ते आपण पुरं करू, पोर येईल तेव्हा तिच्या अंथरुणावर घालून ठेवू. या विचारात मला तेव्हाही खोट दिसली नाही आणि आजही दिसत नाही.

तिनं ती फरशीवर पसरली. पाय धुतले, डोळे मिटले आणि चालली. मधे पोट, ते सुद्धा केवढं तरी. मांडीवर शिवलेल्या गोधडीचे थर सरकणारच, त्यात टाके लांब, तिरके आणि दोरा कुठे सैल तर कुठे आवळलेला. अशी गोधडी पुरी करायची तर दुसरा इलाजच नाही, हे तिच्या माहेरच्या कुठल्याही लहान पोरीनं सांगितलं असतं. काकू बसली आणि मध्यापासून काठापर्यंत तिनं एकूण एक टाका उसवला. कापडाला इजा न होता, बारीक कात्रीनं, अगदी मन लावून. माझी आई काही कामानं खाली आली आणि दारातच थबकली. ती काही बोलणार एवढ्यात पुढच्या दारानं मुंगी मामाचा हात धरून आत आली. एक दिवस आधीच.

मुंगीनं फरशीवर सुटे पडलेले थर बघितले. मग काकूशेजारचा दोऱ्यांचा ढीग बघितला. काकूला वाटलं पोर खूश होईल. ती हसून म्हणाली, "बस इथे. टाके फार वाकडे होते गं, मी नीट घालून देते."

"ते आईचे होते," मुंगी म्हणाली.

ती रडली नाही, आदळआपट केली नाही. तिनं दप्तरातली कंपासपेटी काढली, आतलं सगळं बाहेर ओतलं आणि फरशीवरचे दोरे वेचायला लागली. एक दोरा ठेवला नाही. पेटीचं झाकण लागेना तेव्हा गुडघा टेकवून लावलं. मग तिनं सगळे थर एका चादरीत घातले, बोचकं बांधलं, गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ मारली आणि स्टुलावर चढून ते कपाटाच्या सगळ्यांत वरच्या खणात ढकललं. काकू बसल्या जागी बसून होती. हातातली कात्री खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. नंतर ती आईजवळ खूप रडली. आई सांगते, रडतानाही ती म्हणत होती, "पोट होतं हो जाऊबाई, खरंच होतं."

काकूला स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण एक गोष्ट ती आईला सांगायची, मोठी झाल्यावर मलाही सांगितली. मुंगीनं एक दिवस आपल्या हातानं ते बोचकं खाली काढावं आणि म्हणावं की काकू, पुरी कर. "माझं मेलीचं दुसरं काही मागणं नाही," असं ती म्हणायची.

मुंगी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मिटतं. मुंगी नुसती नीट वागायची. आम्ही पोरं काकूला काकू म्हणायचो, म्हणून तीही काकूच म्हणायला लागली. फरक एवढाच की आम्ही तिला अगं-तुगं करायचो आणि मुंगी अहो-जाहो. ताट वाढलं की "पुरे, काकू." आजारी पडली की "तुम्ही कशाला जागताय, काकू." दवाखान्यातल्या नर्सशी आपण असं बोलतो. घरच्या माणसाशी इतकं गोड वागणं म्हणजे तोंडावर दार लावून घेणंच आहे, असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते मुंगीला सुनावलंही होतं. ती म्हणाली, "मग कसं वागू?"

काकूनं तिच्यासाठी एक नवीन गोधडी केली. तिच्या आयुष्यातली सगळ्यांत देखणी. पांढऱ्यावर लाल त्रिकोण, टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि पोट औषधालाही नाही. आजूबाजूच्या बायका बघायला येऊन गेल्या. मुंगीनं हात फिरवून बघितला, छान झालीय म्हणाली, व्यवस्थित घडी करून ट्रंकेत ठेवली आणि बाजारातून विकत आणलेलं ब्लँकेट पांघरत राहिली. काकूनं तिला अवाक्षर विचारलं नाही. ब्लँकेटला मात्र तिनं त्या दिवसापासून वैरी मानलं. आमच्या घरीसुद्धा ब्लँकेट दिसलं की ते उचलून नाकाजवळ न्यायची आणि म्हणायची, "याला कुणाचाच वास नाही."

दर वर्षी थंडी सरली की काकू घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण गच्चीवर उन्हाला घालायची. त्यात ते बोचकंही असायचं. दोन्ही हातांनी धरून ते वर आणायची, उन्हात ठेवायची, दुपारी उलटं करायची, ऊन उतरलं की खाली न्यायची. चादरीच्या घडीतून बोटं सारून डांबराच्या गोळ्या आत सरकवायची. गाठ कधी सोडली नाही. मला भोचकपणा फार. एकदा मी म्हटलं, अगं, मुंगी कुठे बघतेय, सोडून आतून झटकून परत बांध. तिनं माझ्या हातावर चापटी मारली. "तिनं बांधलीय, तीच सोडेल," म्हणाली. काका तेव्हा गच्चीत होते. ते म्हणाले, "घरात कुलपांचं दुकान, आणि सगळ्यांत पक्की निघाली ती पोरीची गाठ." त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

मुंगी मोठी झाली, दुसऱ्या गावी चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली. नजर तिची बारीक, हात स्थिर, कामात लवकर नाव झालं. जाताना तिनं कंपासपेटी बरोबर नेली. बोचकं वरच्या खणात राहिलं. सणासुदीला नाही, पण सुट्टी मिळाली की यायची, सगळ्यांना काहीतरी आणायची, काकूलाही आणायची. चार दिवस राहायची आणि नीट वागून परत जायची.

मग काकू पडली. अंगणाच्या ओल्या पायरीवरून, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, यथावकाश निघालंही, पण बोटं आखडली आणि हाताला कंप सुटला. काकांनी केलेला चहा पिऊन काकू म्हणाली, "हात मोडला तेव्हा एवढे हाल झाले नव्हते." आई वरून डबा पाठवायची, पण आईचेही गुडघे धरलेले. मी मुंगीला कळवलं. ती मोठी रजा टाकून आली.

डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. काकूनं तो काकांना देऊन टाकला आणि सुई हातात घेतली. तिला मनगट फरशीवर टेकवता येत नव्हतं, म्हणून पलंगावर बसून, मांडीवर घेऊन ती एक लहानसं दुपटं शिवायला बसायची. मी बाळंतपणाला माहेरी आले होते, माझी धाकटी पोटात होती, तिच्यासाठी. सुई टोचायची एकीकडे, निघायची भलतीकडे. टाके लांब, तिरके, कुठे सैल तर कुठे आवळलेले. संध्याकाळ झाली की डाव्या हातात कात्री घेऊन ती सगळं उसवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. कापड बिचारं विरत चाललं होतं. मुंगी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची.

एका संध्याकाळी मी दुधाचं भांडं परत द्यायला खाली गेले होते. काकूनं नुकतीच कात्री उचलली होती. मुंगी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. फरशीवर काही पसरलेलं नव्हतं, तरी लहानपणच्या सवयीनं भिंतीच्या कडेनंच आली. पलंगावर काकूशेजारी बसली आणि तिनं कात्रीवर हात ठेवला.

"उसवू नको, काकू."

"वाकडे आलेत गं. मला बघवत नाहीत."

"आईचे असेच होते."

मी भांडं ठेवून निघून जायला हवं होतं. गेले नाही. मुंगी त्या टाक्यांवरून बोट फिरवत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न सोडता.

"तिलाही हात टेकवता येत नसेल," मुंगी म्हणाली.

"नसेलच," काकू म्हणाली. "मांडीवर घेऊन शिवायची ना. मला तेव्हा कळायला हवं होतं. मला मेलीला नुसते टाके दिसले. टाके घालणारी दिसली नाही."

मुंगी उठली. आता तिला स्टूल लागत नव्हतं. तिनं हात वर करून बोचकं काढलं आणि पलंगावर ठेवलं. नाकाला उन्हाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला असावा, कारण तिनं आधी चादर हुंगली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी काय तोंड मिटून बसणारी आहे? मी सगळं सांगून टाकलं. दर वर्षीचं ऊन, दुपारचं उलटं करणं, आत सरकवलेल्या गोळ्या आणि माझ्या हातावरची चापटी. काकू ओशाळून म्हणाली, "कसर लागली असती म्हणून."

मुंगी गाठीकडे बघत राहिली. ती तिचीच होती, लहान मुलीनं जीव खाऊन मारलेली. ती सोडायला गेली तर सुटेना. इतक्या वर्षांच्या उन्हानं आवळून दगड झाली होती. मी ओढून बघितली, नखं दुखायला लागली. शेवटी काकांना हाक मारली. ते दुकानातून एक बारीक अणकुचीदार सळई घेऊन आले, चष्मा वर केला, ती गाठीत कुठेतरी खुपसली, हलवली, आणि एकेक करून तिन्ही गाठी मोकळ्या केल्या. कुणाकडे न बघता आले तसे परत गेले. दुकानात जाऊन त्यांनी बराच वेळ नाक शिंकरलं.

मुंगीनं वरचा थर उचलून खिडकीसमोर धरला. तिचे झगे, काकांचे डाग पडलेले शर्ट, पिवळा पडदा. आणि त्या सगळ्यांतून उजेडाचे बारीक बारीक ठिपके दिसत होते, रांगेनं, वाकड्यातिकड्या चौकटीत चौकट करत आत जाणारे. दोरे निघाले होते, पण सुईची भोकं तशीच होती. कापड घडीत पडून राहिलं, कुणी धुतलं नाही, वापरलं नाही, म्हणून ती बुजली नव्हती. काकू उठून जवळ आली आणि डोळे बारीक करून बघायला लागली.

"इथूनच परत घालायचे," मुंगी म्हणाली.

"तू घाल," काकू म्हणाली. "मी सांगते. माझा हात आता कामाचा नाही राहिला."

"मला तुझाच हात हवाय," मुंगी म्हणाली. "आईसारखा झालाय."

काकूनं तोंडाला पदराऐवजी हातातलं दुपटंच लावलं. मी भांडं तिथेच ठेवून वर गेले आणि आईजवळ मनसोक्त रडले. आईनं कारण न विचारता रडू दिलं, मग कारण ऐकलं आणि स्वतः रडली.

मुंगीची उरलेली रजा त्यात गेली. पलंगावर दोघी समोरासमोर, गोधडी दोघींच्या मांडीवर. मुंगी सुया ओवून ठेवायची, काचा घासणारे डोळे ते. तिनं एका बाजूनं भोकं धरून टाके घालायचे, काकूनं दुसऱ्या बाजूनं. मुंगीला लांब टाके घालायला जपावं लागायचं. काकूचे आपोआप लांब पडत होते आणि बरोबर जुन्या भोकात जात होते. गप्प बसणं मात्र तिला कुठे जमतंय. दोरा ओढू नकोस, सुई आडवी धर, अशी दिवसभर कटकट चालायची. मुंगीही आता उलट बोलायला लागली होती. एकदा तर वरपर्यंत आवाज आला, "काकू, तू तुझी बाजू बघ." आई मला म्हणाली, "ऐकलंस? भांडतायत." तिच्या चेहऱ्यावर कोण आनंद.

मधे पोट येत चाललं होतं. येणारच होतं, मांडीवर शिवलेली, जुन्याच भोकांतून. काकूला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. ती ओठ दाबून शिवत राहिली. मध्यापासून वीतभर राहिलं तिथे भोकं संपली. तिथून पुढे पहिली काकू आलीच नव्हती.

मुंगीनं पिशवीतून कंपासपेटी काढली. झाकण गंजलं होतं. आत दोरे तसेच होते, बोटाएवढे, नखाएवढे, एकालाही सुईत ओवता येणार नाही असे. तिनं काकूकडे बघितलं. काकूनं थोडा विचार केला, मधल्या दोन तुकड्यांची शिवण विरून सुटली होती तिथून वरचा थर जरासा उचलला आणि पेटी पुढे कर म्हणून खुणावलं. मूठ मूठ करून तिनं ते सगळे दोरे थरांच्या मधे, अगदी मध्यावर ठेवले आणि वरून कापड सारखं केलं. "आता तू," म्हणाली. शेवटचे टाके मुंगीनं घातले. तिच्या स्वतःच्या हाताचे, लहान आणि सरळ. दोरा तिनं दातांनी तोडला, काकूच्या घरात कात्री असताना, आणि काकूनं तेही चालवून घेतलं.

गोधडी फरशीवर पसरली तेव्हा आम्ही सगळे होतो. आई जिना उतरून आली होती, काका दुकानाच्या दारात उभे होते. काकू आत जाऊन पाय धुऊन आली. तिला थांबवावं असं मला वाटलं, पण मुंगी भिंतीला पाठ लावून शांत उभी होती. काकूनं पाय कोरडे केले, डोळे मिटले आणि काठावर पाऊल ठेवलं. झग्यांवरून, शर्टांवरून, पडद्यावरून ती हळूहळू आत गेली. मध्यापाशी तिचं पाऊल थांबलं.

"लागलं?" मुंगीनं विचारलं.

"लागलं."

"उसवायचं?"

काकूनं डोळे उघडले नाहीत. "नको," ती म्हणाली. "आता कुणी हात लावू नका त्याला." आणि आखडलेला हात त्या फुगवट्यावर ठेवून ती तिथेच खाली बसली.

मुंगी भिंतीपासून निघाली. कडेनं गेली नाही. सरळ गोधडीवरून चालत आली आणि काकूशेजारी बसली.